नवी सायकल, गुडघेदुखी आणि सीटची उंची

बऱ्याच वर्षांनी परत सायकल सुरू केली, नवी हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली) घेतली, पण खडकवासल्याकडे जाताना जरा चढ आला की गुडघा वाटीच्या खाली ठणकायचा. दुकानवाल्याने सीट फारच खाली बसवून दिलेली, दुखणं त्याचंच. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकत होता. मग ॲलन कीने (षटकोनी पान्याने) सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, थोडी थोडी वर घेतली, पण पोस्टवरची मिनिमम इन्सर्टची (दांडी किमान इतकी फ्रेमच्या आत हवी, ही) खूण बाहेर दिसता कामा नये हं, नाहीतर फ्रेमला तडा जाऊ शकतो. चवडा पेडलवर असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहिला की झालं. चढाला आता हलका गिअर टाकतो, गुडघा एकदम मस्त!