जुनं हंटर बांधायचं तर आधी डिकल बघा

विमानाच्या जुन्या प्लास्टिक मॉडेल किटचा खोका हातात आला की बहुतेक जण पहिल्यांदा पंख काढून धडाला लावून बघतात. मी डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायच्या छापील खुणांचा, कागद काढतो. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, बंद खोक्यात पन्नास वर्षं सहज टिकतं, डिकल टिकत नाही. त्याचा गोंद मरतो, वरची पारदर्शक फिल्म पिवळी आणि कडक होते, आणि पाण्यात टाकल्यावर तिचे तुकडे होतात. प्लास्टिकमधली खोट पुट्टीनं भरता येते. फुटलेलं राउंडेल, म्हणजे हवाई दलाची गोल खूण, पुन्हा जुळत नाही. म्हणून सगळं काम डिकलच्या हिशेबानं आखायचं.

माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, टूलरूममध्ये, प्लास्टिकचे भाग ओतायच्या डाय, म्हणजे साचे, बनवण्यात गेली. त्यामुळे किट मला साच्याच्या बाजूनं दिसतं, आणि इथे लिहितोय तेही त्याच नजरेनं. उदाहरणाला एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं १/७२ मापाचं जुनं हॉकर हंटर हे लढाऊ जेट घेतो. खरं विमान साधारण १४ मीटर लांब, मॉडेल १९ सेंटीमीटरच्या थोडं वर. आपल्या हवाई दलात हंटर १९५७ पासून आली. आपल्याकडची एफ.५६ ही ब्रिटिश एफ.६ चीच निर्यात आवृत्ती, फक्त ब्रेक पॅराशूट बसवलेली. डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडून लोंगेवालाला रणगाडे फोडले ते या हंटरनी. भारतीय खुणांसाठी एअरफिक्सचं जुनं नॅट या छोट्या जेटचं किट घ्यायचा मोह होतो, पण ते दोन आसनांचं ट्रेनर आहे. आपलं लढाऊ नॅट एक आसनी. त्यावर तिरंगी राउंडेल लावलं तरी विमान चुकीचंच राहतं.

कागद पिवळा असेल तर झिपच्या पिशवीत घालून, छापील बाजू बाहेर करून, उन्हाच्या खिडकीच्या काचेला चिकटवा. ऑक्टोबरच्या उन्हात आठवडा-दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. रोज बघत जा, कारण जास्त ठेवलं तर केशरीही फिकटतो. पावसाळ्यात हे करू नका. ऊन नाही आणि पिशवीत दमट हवा कोंडते.

मग परीक्षा. हंटरच्या खोक्यातली ब्रिटिश राउंडेल आपल्याला नकोच असतात, त्यातलं एक कापून कोमट पाण्यात टाका. अखंड सुटलं तर ठीक. तडकलं तर त्या कागदावर मायक्रोस्केलची लिक्विड डिकल फिल्म मऊ ब्रशनं एका दिशेनं पातळ लावा आणि रात्रभर वाळू द्या. सगळ्या छपाईवर आता एकच नवी फिल्म बसते, त्यामुळे प्रत्येक खूण तिच्या कडेलगत कात्रीनं कापून घ्यावी लागते. भारतीय राउंडेलचा माझ्याकडचा कागदही जुनाच आहे, त्यालाही हीच परीक्षा. तो कागद वेगळा छापलेला, म्हणून एकाचा निकाल दुसऱ्याला लावू नका.

बांधणीला लागण्याआधी सगळे भाग भांडी घासायच्या साबणानं, कोमट पाण्यात धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं रिलीज एजंट अंगावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. कडेला पातळ पापुद्रा दिसतो तो फ्लॅश. साच्याचे दोन अर्धे झिजून नीट मिटेनासे झाले की प्लास्टिक फटीतून बाहेर येतं. ब्लेड उभं धरून खरवडा, कापू नका. जाड भागांवर खळगे असतात ते सिंक मार्क. जिथे प्लास्टिक जाड तिथे ते थंड होताना आत ओढलं जातं. ते पुट्टीनं भरायचे.

जुन्या किटवर उठावाच्या रेषा आणि रिवेट असतात. बरेच जण त्या घासून नव्यानं खोदतात. मला ते पटत नाही. त्या रेषा कोणा डायमेकरनं पोलादात हातानं कोरलेल्या असतात, त्या राहाव्यात. मात्र राउंडेल बसेल तेवढा गोल भाग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, पाणी लावून सपाट करा. डिकल रिवेटच्या माथ्यांवर तंबूसारखं ताणून बसलं की खाली हवा राहते आणि ती चंदेरी दिसते.

ट्यूबमधला सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, वाळलेला असतो, टाकून द्या. पातळ सिमेंट ब्रशनं सांध्याला टेकवला की आपोआप आत ओढला जातो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकजवळ आणू नका, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. कॉकपिटची काच फेविकॉलनं चिकटवा. फेविक्विकच्या वाफेनं ती पांढरी धुरकट होते. नाकात वजन हवं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. त्यासाठी स्टीलचे नट अराल्डाइटनं बसवा. शिसं आणि फेविकॉल एकत्र नको. गोंदातून सुटणाऱ्या आम्लामुळे शिशावर पांढरी भुकटी चढते, ती फुगते आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा उघडतो.

रंगाला आमच्या ठाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. पावसाळ्याच्या दमटपणात लॅकर पांढुरकं होतं. वरून गडद हिरवा आणि करडा, खालून चंदेरी, आणि त्यावर ग्लॉस क्लिअरचे, म्हणजे चकचकीत पारदर्शक वार्निशचे, दोन पातळ हात. डिकल मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, रंगावर कधीच लावायचं नाही. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, तिथेही हवा अडकते.

जुन्या छपाईतला पांढरा पातळ असतो. गडद हिरव्यावर राउंडेल लावलं की केशरी मातकट दिसतो. म्हणून राउंडेलपेक्षा किंचित लहान पांढरा गोल आधी रंगवून ठेवा. बाहेर हिरवा, मध्ये पांढरा, आत केशरी, हा क्रम लक्षात ठेवा. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम मात्र ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याच्याच फोटोवरून ठरवा.

आता लावणं. हे काम मी पावसाळ्यात करतो, कारण द्रावण सावकाश वाळतं आणि जागा सुधारायला वेळ मिळतो. डिकल चिमट्यानं धरून कोमट पाण्यात दहा सेकंद बुडवा, बाहेर काढून ओल्या कापडावर ठेवा. बोटानं हळूच ढकलून बघा. हलेपर्यंत थांबा, जोर करू नका. जिथे लावायचं तिथे मायक्रो सेट, म्हणजे डिकल चिकटायला मदत करणारं द्रावण, लावा. कागद पृष्ठभागाला टेकवून डिकल त्यावरून मॉडेलवर सरकवा. हातात उचलून नेलं की ते गुंडाळतं. ओल्या ब्रशनं जागेवर आणा, मग टिश्यू पेपर वरून दाबून मधलं पाणी कडेकडे काढा. पुसू नका.

पाणी निघालं की मायक्रो सोल, म्हणजे डिकल मऊ करणारं द्रावण. डिकल सुरकुततं, फुगतं, सगळं बिघडल्यासारखं दिसतं. या वेळी हात लावला तर फाटतं. ताटाखाली झाकून ठेवा, सकाळी ते रेषांवर रंगासारखं बसलेलं असतं. चंदेरी ठिपके राहिले तर सुईच्या टोकानं टोचून वर पुन्हा सोलचा थेंब. एका दिवशी एकच बाजू करा. दोन्हींकडे ओली डिकल्स असली की विमान धरायला जागा उरत नाही.

दोन दिवसांनी ओल्या कापडानं गोंदाचे डाग पुसा, आणि पाऊस संपून हवा कोरडी झाली की ग्लॉसचा एक हात, मग मॅट. उरलेले कागद बटर पेपरमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह, सपाट ठेवा. जांभळी नाक्याच्या बाजारात दोन्ही मिळतात. पुडी दर पावसाळ्याआधी बदला.