‘चार्ज’ हा शब्द पोरांना कसा समजावून द्यावा

आमच्या रावेर भागात ‘चार्ज’ हा शब्द कुणाला नवा नाही. मोबाइल चार्जला लावायचा असतो, नव्या तलाठ्यानं चार्ज घेतलेला असतो, पेपरात लाठीचार्जची बातमी असते. तरी दहावीच्या वर्गात मी फळ्यावर ‘व्हॉट इज द चार्ज अगेन्स्ट हिम?’ असं लिहिलं की निम्मी पोरं ‘त्याच्याकडून किती पैसे घेतले?’ असा अर्थ सांगतात. अर्थांची यादी पाठ करून घेतली तरी ती परीक्षेपुरतीच टिकते. म्हणून मी मुळापासून सुरुवात करते.

लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. रोमन लोकांनी हा शब्द गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, केल्टिक लोकांकडून घेतला. त्यावरून गाडा भरणं या अर्थाचं ‘कारिकारे’ हे क्रियापद आलं, ते जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत गेलं आणि तिथं ‘चार्ज’चा पहिला अर्थ झाला ओझं. कार, कॅरी, कार्गो हे सगळे याच घराण्यातले. आमच्या पोरांना हे पटकन पटतं, कारण केळीचे घड ट्रकमध्ये भरताना ती लहानपणापासून बघतात.

आता प्रत्येक वाक्यात एकच प्रश्न विचारायला लावा: काय लादलं आणि कोणावर? गिऱ्हाइकावर पैशाचा भार लादला तर शुल्क. माणसावर कामाचा भार आला तर जबाबदारी. गुन्ह्याचा ठपका लादला तर आरोप. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र, ते इथून. बंदुकीत दारू ठासणं हेही चार्जच, आणि विजेचा अर्थ त्याच्याच जवळचा आहे. अठराव्या शतकात वीज साठवणाऱ्या बरण्यांवर प्रयोग चालले होते, तेव्हा बरणीत वीज ‘भरणं’ याला हाच शब्द लागू झाला. अशा बरण्यांच्या जोडणीला बेंजामिन फ्रँकलिननं ‘बॅटरी’ म्हटलं, तोही तोफखान्यातलाच शब्द. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. धावून जाणं, हल्ला चढवणं हा अर्थ मात्र लादण्याच्या प्रश्नात सरळ बसत नाही. तो ओढूनताणून बसवू नका, वेगळा शिकवा.

खरा घोळ होतो तो पुढच्या छोट्या शब्दांत, आणि इथं घाई करू नये. पैसे असतील तर ‘फॉर’: ‘ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज फॉर द रिपेअर.’ आरोप असेल तर ‘विथ’: ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट.’ पण आरोप करणं याच अर्थाचं ‘अक्यूज’ आलं की ‘ऑफ’ लागतं. तालुक्यातले चांगले शिकलेले लोकही इथं ‘चार्ज्ड ऑफ’ लिहितात.

‘सीता इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलं सीतेच्या ताब्यात. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ सीता’ याचाही अर्थ तोच, फक्त ‘द’ आला आणि बाजू उलटली. ही जोडी फळ्यावर वर-खाली लिहा आणि सीतेच्या जागी वर्गातली नावं घालून पोरांकडून मोठ्यानं म्हणून घ्या. आपण मराठीत ‘इन्चार्ज साहेब’ म्हणतो ते चालू द्या, पण ‘इन चार्ज ऑफ’ लिहिताना दोन शब्द सुटे हवेत.

शेवटी ‘डिस्चार्ज’ द्या आणि अर्थ सांगू नका. दवाखान्यातला पेशंट, उतरलेली बॅटरी आणि कोर्टानं आरोपातून सोडलेला माणूस, तिघांवरून काय उतरलं ते पोरांनाच लिहू द्या.