वारीच्या वाटेवरून कुमानोपर्यंत: परदेशी शाळेशी भागीदारी करून पर्यटन कसे शिकवावे

परदेशी शाळेशी भागीदारी म्हटली की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. इकडे नऊवारी नेसलेल्या मुली, पडद्यावर तिकडची मुले, दोन्हीकडून एकेक नाच आणि शेवटी टाळ्या. अशा कार्यक्रमाने ओळख होते, पण पर्यटन म्हणजे काय हे त्यातून मुलांना कळत नाही. गावात परका माणूस आला की त्याला काय दिसते, काय उमगत नाही आणि त्याच्या येण्याने गावाचे काय होते, हे शिकवायचे असेल, तर पलीकडच्या वर्गाला प्रेक्षक न मानता आपल्या गावाचा पहिला पाहुणा मानावे लागते. त्यासाठी येथे एक ठोस जोडी घेतली आहे: पालखी मार्गावरील माध्यमिक शाळा आणि जपानच्या वाकायामा प्रांतातील शाळा.

ही जोडी ओढूनताणून जुळवलेली नाही. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ साली सहकार्याचा करार झाला आणि २०१५ मध्ये तेथील कोयासान या डोंगरावरील बौद्ध तीर्थक्षेत्राच्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याहून मोठे साम्य पायी यात्रेचे आहे. वाकायामाच्या डोंगरांतून जाणाऱ्या कुमानो कोदो या वाटा होंगू, हायातामा आणि नाची या तीन देवस्थानांकडे जातात, आणि कीई पर्वतरांगेतील पवित्र स्थळांसह त्यांचा २००४ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. एके काळी तेथे इतकी गर्दी होई की ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ असा वाक्प्रचार जपानी भाषेत रूढ झाला. वाटेवर ‘ओजी’ नावाची छोटी देवस्थाने लागतात, तेथे यात्रेकरू थांबून पुढे जात. आपल्याकडील विसाव्याची आठवण व्हावी असेच ते थांबे आहेत.

भागीदार शोधताना ओळखीच्या ओळखीने एखाद्या शिक्षकाला गाठण्यापेक्षा मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावास किंवा वाकायामा प्रांताचे प्रशासन यांच्याकडे शाळेच्या पत्रावर विचारणा करावी. शिक्षकाची बदली झाली की वैयक्तिक ओळखीवर उभा असलेला उपक्रम संपतो. पहिल्या पत्रात शाळेचा इतिहास लिहू नये. कोणत्या इयत्तेतील किती विद्यार्थी, किती आठवडे, कोणत्या प्रश्नावर काम करणार आणि शेवटी हातात काय येणार, एवढे एका पानात मांडावे. इयत्ता शक्यतो आठवी ठेवावी. आपली दहावी शालान्त परीक्षेत अडकलेली असते, तर तिकडे निम्न माध्यमिकचे तिसरे वर्ष, म्हणजे आपली नववी, पुढील प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जाते.

वेळापत्रक हा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो आणि बरेचसे उपक्रम तेथेच कोलमडतात. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि उन्हाळी सुट्टी साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते. आपली शाळा जूनच्या मध्यास उघडते, म्हणजे वारी जात असताना दोन्ही वर्ग चालू असतात. मात्र पंचांग आधी पाहावे. २०१८ साली ज्येष्ठ अधिक आला आणि आषाढी एकादशी २३ जुलैला पडली. अशा वर्षी वारीची टिपणे तयार होईपर्यंत तिकडची शाळा बंद झालेली असते आणि चर्चा सप्टेंबरवर ढकलावी लागते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्याकडील सकाळी अकराचा तास तिकडे दुपारी अडीचला येतो, तेव्हा दुपार सत्रातील शाळेने या तासापुरते विद्यार्थ्यांना सकाळी बोलावावे.

आता मुख्य काम. प्रत्येक वर्गाने आपल्या गावात पायी येणाऱ्या परक्या माणसासाठी चार पानांची मार्गदर्शिका तयार करावी आणि ती दुसऱ्या वर्गाने तपासावी. मार्गदर्शिकेत मुक्कामाची जागा, पिण्याचे पाणी, शौचालय, दवाखाना, एसटी थांबा आणि वागण्याचे नियम असावेत. दिंडीच्या मधून आडवे जाऊ नये, विणेकऱ्याला धक्का लागू देऊ नये, अंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, या गोष्टी आपल्या मुलांना इतक्या ठाऊक असतात की त्या लिहाव्यात असे त्यांना सुचतच नाही. तेथेच पलीकडचा वाचक कामाला येतो. ‘माउली’ हा शब्द घ्या. पालखी माउलींची, शेजारी चालणारा अनोळखी माणूसही माउली, आणि गर्दीत वाट मागायची तरी हाक ‘माउली’च. हे सारे एकच कसे, असा प्रश्न जपानी मुलाने विचारला की आठवीतल्या मुलाला पहिल्यांदाच स्वतःच्या बोलीकडे बाहेरून पाहावे लागते. माझ्या मते संपूर्ण भागीदारीचे मोल या एका तासात आहे.

मार्गदर्शिकेसाठी क्षेत्रभेट दोनदा करावी. पहिली भेट पालखी येण्याच्या आधी, फलक पाहण्यासाठी. गावाचे नाव मैलाच्या दगडावर, एसटी थांब्यावर आणि दुकानांच्या पाट्यांवर रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले आहे, याची नोंद मुलांनी करावी. वाकायामातील तानाबे शहराने २००६ साली पर्यटन संस्था स्थापली, तेव्हा मार्गावरील फलक आणि नावांचे रोमन लेखन एकसारखे करण्याकडे तिने मुद्दाम लक्ष दिले. त्याविषयी भागीदार वर्गाला विचारता येते. दुसरी भेट पालखी पुढे गेल्यानंतरच्या सकाळी करावी, आणि ती कोणत्याही कारणाने टाळू नये. मैदानावरच्या पत्रावळी, टँकरभोवतीचा चिखल, सफाई कामगारांचे काम, किराणा दुकानदाराची आदल्या दिवसाची विक्री आणि ज्या घराने अन्नदान केले त्या घराचा खर्च, हे सारे त्या सकाळी विचारले तरच खरे उत्तर मिळते. अनेक गावांत शाळेची इमारतच दिंड्यांच्या मुक्कामाला दिलेली असते. तेव्हा वर्ग कोठे भरवायचा हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवावे.

या नोंदी समोर ठेवूनच ‘वारकरी हा पर्यटक आहे का?’ हा प्रश्न दोन्ही वर्गांपुढे ठेवावा. कुमानोच्या वाटेवर वर्षभर लोक चालतात आणि त्यांत देवदर्शनापेक्षा डोंगरवाटेसाठी आलेले परदेशी पाहुणेही असतात, तर वारी तिथीला बांधलेली आणि दिंडीच्या शिस्तीत चालणारी आहे. शिक्षकाने स्वतःचे उत्तर सांगण्याची घाई करू नये.

भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजी दोन्हीकडे शिकलेली भाषा आहे, त्यामुळे कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. वाक्ये छोटी ठेवावीत आणि विसावा, अन्नदान, ओजी यांसारखे शब्द न बदलता अर्थासह द्यावेत. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखाद्याची दुभाषी म्हणून मदत घेता येते.

पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. मुलांची छायाचित्रे, पूर्ण नावे आणि पत्ते पलीकडे पाठवू नयेत. गटांना नावे द्यावीत, तेवढे पुरते. पैशांची देवाणघेवाण टाळावी, कारण परदेशातून निधी स्वीकारायचा तर विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

प्रत्यक्ष भेटीचा विचार किमान एक वर्षाचे काम झाल्यावरच करावा. गेलात तर जेवणाचा प्रश्न आधी सोडवावा. जपानी स्वयंपाकात भाजीच्या रश्श्यालाही बहुधा माशांचा अर्क असतो, आणि घरात तुळशीची माळ असलेल्या मुलाला हे ताटावर बसल्यावर कळू नये. कोयासानच्या मंदिरांतील निवासात मात्र मांस-मासे वर्ज्य असलेले शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचे जेवण मिळते. पहिला मुक्काम तेथे ठेवावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पथ्य लिहिलेली यादी निघण्यापूर्वी यजमान शाळेकडे पोहोचवावी.