रेकॉर्ड केलेल्या गळ्याचं मॉडेलिंग: नवख्यांसाठी

सांगली-मिरजेतल्या छोट्या स्टुडिओत नव्या पोराच्या हाती बहुधा हेच काम येतं: गाणं रेकॉर्ड झालंय, गायक गावी गेलाय आणि पार्टी म्हणते, 'आवाज जरा भरदार करा की!' पोरगं लगेच पिच, म्हणजे सूरच, खाली ओढतं आणि गाणं पेटीपासून सुटतं.

सूर आणि गळा ही दोन वेगळी खाती आहेत. सूर तसाच ठेवून सॉफ्टवेअरनं गळ्याचा रंग बदलणं म्हणजे मॉडेलिंग. सूर ठरतो स्वरतंतूंच्या कंपनांवर. गळ्याचा रंग ठरतो घशापासून ओठांपर्यंतच्या नळीवर. पुरुषाची ही नळी साधारण १७ सेंमी, तिचे अनुनाद ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास. यांनाच फॉर्मंट म्हणतात. बाईची नळी साधारण साडेचौदा सेंमी. म्हणजे दोघांच्या सुरात जवळपास सप्तकाचा फरक असला तरी फॉर्मंटमधला फरक तीन सेमीटोनही (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) भरत नाही. सूर आणि फॉर्मंट दोन्ही एकदम सप्तकभर चढवले की कार्टून बोलतं ते यामुळे.

हे काम प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, करतात. अँटारीस कंपनीच्या थ्रोटमध्ये घशाची लांबी-रुंदी बदलता येते, लिटल आल्टरबॉयमध्ये पिच आणि फॉर्मंटचे वेगळे नॉब आहेत. शिकायला रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. ६० दिवस फुकट वापरून पाहता येतं आणि त्यातल्या रीपिचमध्ये फॉर्मंटची सोय आहे.

निम्मं काम माइकपुढेच होतं. तोंड १५ ते २० सेंमीवर, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत जोरकस तान मीटरवर उणे १० डीबीच्या आसपास. तानपुरे बनवणारी मिरजेची सतारमेकर गल्ली हाकेवर, त्यामुळे खरा तानपुरा शेजारी छेडत गायची हौस इथं सगळ्यांनाच. ती मोडावी लागते. सॉफ्टवेअर एकच आवाज धरून चालतं. माइकमध्ये तानपुऱ्याचा षड्ज शिरला की ते सप्तक चुकतं आणि लांब 'आ'कारात मधेच घरघर ऐकू येते. तानपुरा, पेटी हेडफोनमध्येच द्या. रिव्हर्बचंही (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) तेच: आधीच्या स्वराची शेपटी पुढच्यावर पडते. तो शेवटी लावा.

आधी आवाज साफ, मग सूर दुरुस्ती, मग मॉडेलिंग, मग आवाजातले चढउतार सपाट करणारा कॉम्प्रेसर. सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनचा रीट्यून स्पीड, म्हणजे सूर जागेवर खेचायचा वेळ, शून्याकडे नेला की मींडेच्या पायऱ्या होतात. भावगीताला ३० ते ५० मिलिसेकंद ठेवून पाहा. शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) खाली असतो. गायक तानपुऱ्यावर तयार झालेला असेल, तर तो बेसूर नाही, त्याला हात लावू नका.

आता फॉर्मंट. भरदारपणासाठी एक सेमीटोन खाली, फार तर दोन. त्यापुढे 'आ' मडक्यातून आल्यासारखा येतो. खरी गोची व्यंजनांत होते. 'स'ची सळसळ वरच्या पट्ट्यात असते. फॉर्मंट उतरवले की तीही उतरते आणि 'सांज'ची 'शांज' होते. 'चांदणं'मधला च 'चंद्र'मधल्या चकडे सरकतो. मराठी कानाला हे लगेच खटकतं. उपाय कंटाळवाणा पण पक्का: मूळ ट्रॅक खाली ठेवा, प्रत्येक स, च, छ तिथून कापून वर बसवा, दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) द्या. बदललेला ट्रॅक प्लगइनमुळे मागे पडला नाही ना, हे आधी बघा, नाहीतर अक्षर दोनदा ऐकू येतं.

पोवाड्याला झीलकरी, म्हणजे मागून साथ धरणारे, हवेत आणि गायक एकच, हाही नेहमीचा प्रकार. एकच टेक चार वेळा कॉपी करू नका, पोकळ भुंगा येतो. 'जी जी रं जी' त्याच्याकडून तीन-चार वेळा नव्यानं म्हणवून घ्या, मग एकाला फॉर्मंट दीड सेमीटोन वर, दुसऱ्याला दीड खाली, तिसरा तसाच. थोडे डावी-उजवीकडे पसरा. लय अगदी चोख जुळवू नका. झील जराशी ओघळलेलीच खरी वाटते.

'अमक्यासारखा आवाज करून द्या' म्हणणारा कधीतरी भेटेलच. नाही म्हणा. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोचली आणि न्यायालयानं त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. ज्याचा गळा बदलताय त्या गायकाची संमतीही मेसेजवर का होईना, लेखी घ्या.

पैशांचं बोलताना फेरफार किती वेळा करून देणार हे आधीच ठरवा. मूळ कोरडा, म्हणजे काहीही इफेक्ट न लावलेला, टेक मात्र पुसू नका. चार दिवसांनी पार्टीचा फोन येतो: 'पहिलाच बरा होता हो.'