लॉन्गकेस घड्याळ दर शुक्रवारी बंद पडायचं: माझा अनुभव

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या घरातलं, एका चावीत आठ दिवस चालणारं जुनं इंग्लिश लॉन्गकेस, म्हणजे उंच लाकडी पेटीतलं, जमिनीवर उभं राहणारं लोलकाचं घड्याळ. रविवारी चावी दिली की शुक्रवारी बंद. तेल घातलं, टिक आणि टॉकमधलं अंतर समान केलं, फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली.

दोष यंत्रात नव्हताच. घड्याळ चालवणारी वजनं चावी दिल्यावर रोज थोडी थोडी खाली उतरतात; ती लोलकाच्या गोळ्याच्या उंचीला आली की तीही त्याच लयीत झुलतात. सैल उभी पेटी डोलते आणि लोलकाची ताकद खाते.

आधी हूड (तबकडीभोवतीचा वरचा लाकडी भाग) पुढे सरकवून काढलं, मग वजनं, मग लोलक. पेटी ओळंब्यात उभी केली. मागच्या फटीत तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा घालून पाठफळी भिंतीला स्क्रूने घट्ट कसली. (फळीत जुनी भोकं होतीच, आधीच्या कुणालातरी हे कळलं असावं!) मग लोलक, वजनं; टिक-टॉक पुन्हा कानाने जुळवली, शेवटी हूड. तीन शुक्रवार गेले, चालू आहे.