गावतळ्यातली मासळी: मृगापासून वळवापर्यंत

मृगाचा पाऊस चांगला बसला आणि शेतातलं गढूळ पाणी ओहोळानं तळ्यात यायला लागलं, की सांडव्यावर माणसं जमतात. हातात घमेली, फाटकी जाळी, कुणाकडे मच्छरदाणीसुद्धा. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत हे दरवर्षीचं आहे. चढणीची मासळी पाण्याच्या उलट वर चढत असते, त्यामुळे ओंजळीनंही सापडते. पण ती चढते अंडी घालायला, आणि एकेका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: मृगापासून म्हातारा पाऊस संपेपर्यंत, म्हणजे साधारण जुलैअखेरपर्यंत, सांडव्यावर आणि ओहोळाच्या तोंडाशी जाळं लावू नका. आकाडात मासळीला गिऱ्हाईक असतं, हे मी जाणतो. तरीही हे दीड-दोन महिने सोडाच. पुढं श्रावण लागला की निम्मी घरं मासळी बंदच करतात.

मरळ या माशाच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. पावसाळ्यात कडेच्या गवताजवळ ताटाएवढा तांबूस ठिपका पाण्यावर हलताना दिसतो. जवळ जाऊन बघा, ती मरळीची शेकडो पिल्लं असतात. सगळी एकदम वर येतात, हवा घेतात आणि खाली जातात. त्यांच्या खाली आई-बाप राखणीला असतात. गळवाले नेमका त्या घोळक्यातच बेडूक लावून गळ टाकतात, कारण राखणीची मरळ भूक नसली तरी पिल्लांपाशी आलेल्या कशावरही धावून जाते. ती एक मरळ काढली, की बाकीचे मासे आणि खंड्या पिल्लांवर तुटून पडतात. एका जेवणासाठी अख्खं वेत जातं. असा घोळका दिसला तर काठी गुंडाळून दुसऱ्या कडेला जा.

कटला, रोहू, मृगळ यांचं तसं नाही. साठलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे त्यांचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, दरवर्षी सोडावं लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाला पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. आज डब्यात नि पिशवीत बीज मिळतं ते त्या कामामुळे.

बीज घेताना जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किंवा बारीक बीज स्वस्त म्हणून घेऊ नका, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, घ्या. आपली बरीच तळी मार्च-एप्रिलला तळ गाठतात, म्हणजे वाढीला जेमतेम आठ महिने मिळतात. वेगळं खाद्य न घालता चालणाऱ्या तळ्यात गुंठ्याला 20 ते 30 बोटुकली पुरे. रोज खाद्य घालणार असाल तर 50 पर्यंत जा. दहात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ धरा: कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. आफ्रिकन मांगूर कुणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. त्याच्यावर देशभर बंदी आहे, आणि तो तळ्यातलं बाकी सगळं फस्त करतो.

एके वर्षी आम्ही भर दुपारी बीज आणलं आणि पिशव्या फोडून सरळ पाण्यात ओतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेला पांढरी पोटं तरंगत होती. तेव्हापासून आम्ही बीज सकाळी नाहीतर सांजेलाच सोडतो. पिशवी बंदच 15-20 मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्यायची, मग तोंड सोडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यायचं, आणि मग मासा आपल्या आपण बाहेर जाऊ द्यायचा. सांडव्याला बारीक जाळी त्याआधीच बसवलेली हवी.

चुन्याचं माती बघून ठरवा. खानापूरकडच्या तांबड्या, धुपणाऱ्या मातीत पाणी आम्लट होतं, तिथं चुना लागतो. चिकोडी, अथणीच्या काळ्या जमिनीत पाणी तपासल्याशिवाय टाकू नका.

तळं ग्रामपंचायतीचं असो की मत्स्यखात्याचं, मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्यानं दिलेला असतो. कागद कानडीत असतो. मुदत किती, हप्ता कधी, गावकऱ्यांना गळ टाकायची मुभा आहे की नाही, हे कानडी वाचता येणाऱ्याकडून ओळ न ओळ समजून घ्या, मगच सही करा. नुसता गळ टाकायचा असला तरी ठेकेदाराला विचारून टाका.

भातावर फवारणी सुरू झाली की पंप तळ्यावर धुवायला आणू नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशाला अगदी थोड्या मात्रेतही मारतात. गणपतीत निर्माल्य पाण्यात गेलं तर ते कुजताना प्राणवायू खातं. ते बाहेरच गोळा करा, आणि विसर्जनाला वेगळा कुंड असेल तर फारच उत्तम.

दिवाळीनंतर थंडी वाढते तसं माशाचं खाणं कमी होतं. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मानिम्मा घालत असाल तर मात्रा कमी करा. उरलेलं तळाशी कुजतं. थंडीत गळाला मासा लागतो तो ऊन तापल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान. कणकेचा गोळा पेंडीत मळून तळाशी सोडा. अर्ध्या किलोच्या आतला कटला-रोहू ओल्या हातानं सोडवून परत टाका, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. याच दिवसांत अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या तर तो लाल रोग. मेलेले मासे काढून पुरा, जाळी वाळवा, आणि खात्याच्या माणसाला विचारून सिफॅक्स हे औषध टाका: एक हेक्टर, एक मीटर खोल पाण्याला एक लिटर.

मार्चपासून खरी काळजी पहाटेची. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू घेतात, त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. त्यात दोन-तीन दिवस आभाळ असलं तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. तसं दिसलं की खाद्य, आणि खत म्हणून शेण टाकत असाल तर तेही, त्याच क्षणी बंद करा, मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा, मिळालं तर विहिरीचं ताजं पाणी सोडा. कोपरापर्यंत हात बुडवून पाहा: तळहात दिसला तर पाणी बरं, मनगटाच्या आतच हिरवं झाकोळलं तर शेवाळ फार झालं.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटले की काठी ठेवून घरी या. उघड्या तळ्यावर उंच धरलेली काठी वीज ओढते, कार्बनची असेल तर जास्तच. करंट लावून, सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणाऱ्याला गावानं थांबवायलाच हवं. सुरुंग आणि विषाला तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. करंटनं मासे मरतात, आणि पाण्यात उतरलेला माणूसही मरतो.

यात्रांच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, पाणी गुडघ्यावर येतं आणि ओढजाळ्यानं तळ साफ करायची घाई होते. मोठी मासळी काढा, तिचा तोच वेळ आहे. पण गाळ काढताना सगळ्यात खोल जागी पाच-सहा फुटांचा खड्डा सोडा, त्यात काट्याकुट्याचा एक भारा टाका म्हणजे जाळं फिरणार नाही, आणि ठेकेदाराला ती जागा दाखवून ठेवा. मृगात सांडव्याकडे चढणारी मरळ, वाम, शिंगटा त्या खड्ड्यातूनच निघतात.