समुद्र सोडून नाशिकला आलात? मग आधी गंगेवर या

कोकणातून नोकरीसाठी किंवा बदलीवर नाशिकला आलेलं घर भेटलं, की पहिल्या पंधरा दिवसांत एक प्रश्न येतोच. "ताई, संध्याकाळी जायचं कुठे?" रत्नागिरीत हा प्रश्न कधी पडत नाही. मांडवीला जायचं, भाट्याच्या पुळणीवर जायचं, काही नाही तर जेट्टीवर उभं राहून परत येणाऱ्या होड्या बघायच्या. १९९८ साली नवऱ्याला सातपूरला नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो, तेव्हा मलाही हेच कळेना. उत्तर सापडायला मला दोन वर्षं लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून लिहिते आहे.

उत्तर आहे, गंगेवर. इथली माणसं गोदावरी क्वचितच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो", "गंगेला पाणी आलंय का?" हीच भाषा. कोणी पत्ता सांगताना "गंगेच्या पलीकडे" म्हणालं तर उत्तर प्रदेशात शोधू नका. एका काठाला जुनं नाशिक, दुसऱ्या काठाला पंचवटी, एवढं डोक्यात पक्कं झालं की निम्मं शहर कळलं. आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पाहुणे दर वेळी इथेच अडकतात. नाशिकरोड स्टेशन म्हणजे शहर नव्हे, ते नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. तिथे उतरून सीबीएसची, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्थानकाची, किंवा पंचवटीतल्या निमाणीची बस धरायची.

पहिल्या रविवारी सकाळी लवकर निघा आणि होळकर पुलाजवळून खाली उतरा. रामकुंडावर पोहोचलात की आवाज खाली ठेवा, मुलांनाही सांगा. दूरदूरच्या गावांहून माणसं घरच्यांच्या अस्थी घेऊन इथे येतात. एका बाजूला कोणी मुंडण करून पिंडाला बसलेलं असतं, दुसऱ्या बाजूला कॉलेजची मुलं एकमेकांचे फोटो काढत असतात. मला ते बघवत नाही. दहा मिनिटं पायरीवर गप्प बसा आणि पुढे निघा. संध्याकाळी आलात तर गोदाआरती मिळेल, ती मात्र अगदी घरच्या सगळ्यांना घेऊन बघा.

रामकुंडापासून थोडं खाली चालत गेलात की काठावर दुतोंड्या मारुती उभा दिसेल. शेंदरी, उंच, दोन्ही बाजूंना तोंड असलेला. उन्हाळ्यात बघाल तर मोठी मूर्ती यापलीकडे काही वाटणार नाही. पावसाळ्यात तो सगळ्या शहराची मोजपट्टी होतो. आम्ही पहिली तीन वर्षं पंचवटीत एका वाड्यात भाड्याने राहायचो. पहिल्याच ऑगस्टमध्ये घरमालकीण काकूंनी चुलीपुढे बसल्या बसल्या मुलाला हाक मारली, "बघून ये रे, मारुतीच्या कुठे लागलंय?" तो धावत गेला आणि येऊन म्हणाला, "गुडघ्याच्या वर." काकूंनी भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाल्या, "मग अजून वेळ आहे." संध्याकाळी पाणी कमरेला लागल्याचं कळलं तेव्हा त्या उठल्या आणि खालच्या खोलीतली धान्याची पोती वर चढवायला लागल्या. मीही हात लावला. त्या दिवसापासून हे शहर मला थोडं माझं वाटायला लागलं. आजही टीव्हीवर किती क्युसेकने विसर्ग सोडला ते सांगतात, आणि लोक ऐकून विचारतात, "म्हणजे मारुतीच्या कुठवर?"

समुद्राकाठच्या माणसाने इथे एक गोष्ट मुळापासून नव्याने शिकायला हवी. आपल्याकडे पाण्याला वेळापत्रक असतं. तिथी कळली की भरती कळते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. नदीला पंचांग नाही. शहरात ऊन पडलेलं असताना वर त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस झाला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं, तर घाटावरचं पाणी बघता बघता चढतं. एका श्रावणात मी घाटाजवळच्या मैदानात स्कूटर लावून भाजी घ्यायला गेले. आले तेव्हा चाकं बुडालेली होती आणि दोन अनोळखी मुलं कमरेएवढ्या पाण्यातून ती ओढून काढत होती. नंतर एका टपरीवाल्याने सांगितलं, "ताई, आम्ही सामान हलवायला लागलो की तुम्ही गाडी हलवायची." हे लक्षात ठेवा. पोहता येतं म्हणून धरणाच्या फुगवट्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यासारखं गोडं पाणी अंग उचलून धरत नाही, आणि तळाशी गाळ असतो.

मारुतीपासून जवळच नारोशंकराचं मंदिर आहे, १७४७ सालचं. त्याची मोठी घंटा आपल्या माणसांनी मुद्दाम बघावी. १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ती आठवण. खाडीकाठच्या लढाईची खूण इथे घाटमाथ्यावर नदीकाठी टांगलेली आहे. मोठ्या पुरात पाणी घंटेपर्यंत चढल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात.

तिथून वर चढून काळाराम मंदिरात जा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे मंदिर काळ्या दगडाचं आहे. तो दगड रामशेजच्या डोंगरातून आणला. नक्षी बघाच, पण मुलांना एवढं जरूर सांगा की २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे उभा करून चालवला, आणि पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही. पाहुण्यांना दर्शन घडवून परत आणणारे पुष्कळ आहेत, हे सांगणारे कमी. सीतागुंफा जवळच आहे. गुंफेत वाकून, जवळजवळ बसून जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच नमस्कार करा.

बुधवारी आलात तर गंगेवरचा आठवडे बाजार सापडेल. मेथी, कांदापात, गावठी लसूण, पोत्यावर मांडलेली कडधान्यं, सगळं भरपूर आणि स्वस्त. पलीकडच्या काठाला भांडी बाजार आहे. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी जुनी नावाजलेली. माझ्याकडचा पितळी डबा तिथलाच, कोकमं त्यात ठेवत नाही एवढंच.

आता पांडवलेणी. मुंबई-आग्रा रस्त्यावर, शहरापासून आठेक किलोमीटरवर. पायऱ्या चढायला वीसेक मिनिटं लागतात, सकाळी आठच्या आत गेलात तर ऊन लागत नाही. एकूण चोवीस लेणी आहेत. बहुतेक लोक वर जातात, थंड वाऱ्याला बसतात आणि उतरतात. तुम्ही मात्र दहा नंबरच्या लेण्यात थांबा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मीतला लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने काय काय दान केलं त्याची ती नोंद. त्यात डहाणूका, दमणा, तापी अशा नद्यांवर त्याने लोकांना पार करायला फुकट होड्या ठेवल्याचं लिहिलं आहे. आणि नारळाची बत्तीस हजार झाडं दिल्याचंही लिहिलं आहे. सोपाऱ्याचं, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचं, नावही त्यात आहे. पहिल्यांदा एका जाणत्या माणसाने बोट ठेवून हे मला वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात बसून कोणीतरी आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या आणि माड दगडात कोरून ठेवले. समुद्राची फार आठवण आली की मी अजूनही तिथे जाते. तीन नंबरचं लेणं गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईच्या लेखासाठी बघा, अठरा नंबरचं चैत्यगृह आहे. लेखांना हात लावू नका, लावू देऊ नका.

डोळ्यांना मोठं पाणी हवं असेल तर गंगापूर धरण. संध्याकाळी वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि दूरचा काठ पुसट होतो. गाज नाही, खारा वास नाही, तरी जीव निवतो. वाटेत सोमेश्वरजवळ गोदावरीचा धबधबा लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये तो पांढराशुभ्र फुटतो. कठड्याच्या आत राहूनच बघा, दगड शेवाळलेले असतात. धरणाच्या त्याच अंगाला द्राक्षबागा आणि सुलाची वायनरी आहे, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरतो. मधल्या वारी जा.

द्राक्षांबद्दल एक विनंती. आपण हापूसला जो मान देतो तो इथे द्राक्षांना द्या. जानेवारी सरत आला की बाजार भरायला लागतो, एप्रिलपर्यंत चालतो. सगळी द्राक्षं सारखी नसतात. थॉमसन, सोनाका, काळी शरद, प्रत्येकाची चव वेगळी. विक्रेत्याला नाव विचारून घ्या, एकेक मणी चाखून घ्या, घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवून धुवा.

मिसळ इथे सकाळचं खाणं आहे, रविवारी तर घरंच्या घरं बाहेर पडतात. पावाबरोबर पापड आणि दही येतं, रस्सा काळ्या मसाल्याचा असतो. आपल्या जिभेला पहिल्यांदा खोबऱ्याचा गोडवा कमी वाटेल. रस्सा आधी थोडाच मागा, तो पुन्हा वाढतात. मासळी मुंबईकडून बर्फात येते. कल्ले उघडून बघायची आपली सवय सोडू नका, विक्रेता नाराज झाला तरी चालेल.

नांदूर-मध्यमेश्वर एकदा तरी. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे जुना बंधारा आहे, आणि त्याच्या गाळपेरात पक्ष्यांचं राज्य. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे अंधारात घरून निघायचं. मनोऱ्यावर दुर्बीण लावली की चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक आणि नशीब असेल तर रोहित दिसतात. दोन स्वेटर घाला. निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि कोकणातल्या माणसाला त्या थंडीची कल्पना नसते. माझे ओठ पहिल्या हिवाळ्यात रक्त येईपर्यंत फुटले होते. घरून खोबरेल आणून ठेवा.

होळीनंतर गोंधळू नका. इथे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळातल्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले दगडी हौद. वर्षभर त्या लाकडी ओंडके आणि मातीखाली झाकलेल्या असतात, वरून माणसं आणि गाड्या जातात. रंगपंचमीला उघडून पूजा करतात, रंगाचं पाणी भरतात आणि मुलं वरून धप्पा मारतात. तिवंध्याला किंवा शनी चौकात एखाद्या ओळखीच्या घराची गॅलरी मिळाली तर तिथून बघा. पांढरे कपडे घालून खाली उतरलात तर ते कपडे गेले असं समजा.

त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर. देवदर्शनासाठी सोमवार आणि श्रावण टाळा, गर्दीत लहान मुलांचे हाल होतात. माझं ऐकाल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, ब्रह्मगिरी चढा. गोदावरीचा उगम तिथे. वैतरणाही याच डोंगरांतली. अरबी समुद्र इथून साधारण ८० किलोमीटर. वैतरणा तो जवळचा रस्ता धरून आपल्या किनाऱ्याकडे उतरते. गोदावरी समुद्राकडे पाठ करते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वर उभं राहून दोन्ही उतार बघितले की हे डोळ्यांना पटतं. खरा समुद्रच हवा असला तर त्र्यंबकवरून जव्हारमार्गे डहाणूला उतरता येतं. घाटाचा रस्ता आहे, रात्री जाऊ नका.

२०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, मागचा २०१५ मध्ये झाला. त्या काळात पंचवटीत गाडी न्यायचा विचार सोडा आणि गावाकडच्या पाहुण्यांना पर्वणीच्या तारखा बघूनच बोलवा. वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्याआधी निवांत बघून घ्या.

नारळी पौर्णिमेला मी दर वर्षी एक नारळ घेऊन रामकुंडाच्या खालच्या पायरीवर जाते. इथे कोणी तसं करताना मला दिसलं नव्हतं. आता आमच्या ओळखीची सात-आठ कोकणी घरं येतात. नारळ पाण्याला लावायचा, हळदकुंकू वाहायचं, फोडून तिथेच सगळ्यांना वाटायचा. सोसायटीतल्या नाशिककर बायकाही गेल्या दोन वर्षांपासून येतात, त्या येताना नारळीभात आणतात. तुम्हीही या. पाणी वाढलेलं असेल तर पायऱ्यांवर उतरत नाही, होळकर पुलाच्या पंचवटीकडच्या टोकाला सकाळी साडेसातला जमतो. पोलिसांनी तिथेही थांबू दिलं नाही, तर काळारामाच्या दारात.